लसीचं पारडं आणि आजाराचं पारडं



२०२४ च्या एप्रिल-मे महिन्यात, ऐन लोकसभेच्या निवडणुकीत, एक बातमी मोबाइलवर गावोगाव फिरली. ब्रिटनमधल्या कोर्टात अॅस्ट्राझेनेका कंपनीनं कागदोपत्री मान्य केलं, की तिच्या करोनाच्या लसीनं अगदी क्वचित कुणाच्या रक्तात गुठळ्या होऊ शकतात. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवली होती आणि आपल्यातल्या बहुतेक जणींनी ती ‘कोविशील्ड’ या नावानं घेतली होती. त्या आठवड्यात माझ्याकडच्या प्रत्येक गटाच्या बैठकीत हप्ता बाजूला राहिला आणि हाच विषय निघाला. एका मावशींनी सरळच विचारलं, “ताई, तेव्हा तूच आम्हाला जीपमध्ये बसवून केंद्रावर नेलंस. आता सांग, ते बरं केलंस का वाईट?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण नुसत्या उत्तरानं भीती जात नाही. म्हणून आज मी तुम्हाला थोडं मागे घेऊन जाणार आहे. टोचून घ्यायचं का नाही, हा प्रश्न आपल्या आधी तीनशे वर्षांपासून आयाबायांपुढे, राजेरजवाड्यांपुढे आणि शहाण्यासुरत्यांपुढे उभा राहिलेला आहे. त्यांनी तो कसा तोलला, कुठे काटा चुकला, ते बघू.

सुरुवात देवीपासून करावी लागते. हा आजार इतका भयंकर होता, की आपल्या लोकांनी त्याला आजार म्हटलंच नाही, देवी म्हटलं. अंगावर फोड आले की “देवी आल्या” म्हणायचं, दारात कडुनिंब टांगायचा, घरात फोडणी द्यायची नाही. देवी आलेल्या दर तिघांमधला साधारण एक जण जायचा. वाचलेल्यांच्या तोंडावर वण राहायचे, कित्येकांचे डोळे जायचे.

लस निघण्याच्या कितीतरी आधी लोकांना एक गोष्ट कळली होती: ज्याला देवी एकदा येऊन गेल्या, त्याला पुन्हा येत नाहीत. मग सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू थोडासा घ्यायचा आणि निरोगी माणसाच्या हातावर खरवडून त्यात लावायचा. त्याला ताप यायचा, थोडे फोड यायचे, आणि तो सुटायचा. बंगालमध्ये हे काम करणारे टिकादार होते. तुर्कस्तानात म्हाताऱ्या बाया हे काम करायच्या. आफ्रिकेतही ही रीत होती. पण यात एक मेख होती. लावलेला पू हा खऱ्या देवीचाच होता. म्हणजे क्वचित एखाद्याला त्यातूनच जोराच्या देवी यायच्या आणि तो मरायचा. धडधाकट पोराला आपण होऊन आजार द्यायचा, कशासाठी? तर पुढे मोठा आजार येऊ नये म्हणून. आई काय करील?

हे नुसतं बोलण्यावर न ठेवता आकडे मांडून तोललं गेलं, त्याचा एक जुना आणि ठळक दाखला दूरचा आहे, अमेरिकेतल्या बोस्टन शहरातला. साल १७२१. म्हणजे आपल्याकडे शाहू महाराज साताऱ्याला होते आणि पहिल्या बाजीरावाला पेशवाई मिळून वर्षच झालं होतं. बोस्टनमध्ये तेव्हा साधारण ११ हजार माणसं राहत. तिथे देवीची साथ आली. गावातल्या एका पाद्र्याला ही टोचण्याची रीत माहीत होती, आणि ती त्याला सांगितली होती त्याच्याच घरातल्या आफ्रिकन गुलामानं. ओनेसिमस त्याचं नाव. आपल्याला लहानपणी टोचलं होतं, असं त्यानं हातावरची खूण दाखवून सांगितलं होतं. झब्डिएल बॉयल्स्टन नावाच्या डॉक्टरनं हे मनावर घेतलं आणि आधी स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला टोचलं, घरातल्या दोन गुलामांना टोचलं. गुलामांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. गाव खवळलं. डॉक्टरला लपून राहावं लागलं, पाद्र्याच्या घरात कुणीतरी पेटता बॉम्ब फेकला.

साथ सरली तेव्हा हिशोब मांडला गेला. गावात जवळजवळ ५,९०० लोकांना देवी आल्या, त्यातले ८४४ गेले. म्हणजे सातात एक. डॉक्टरनं टोचलेले अडीचशेच्या आत-बाहेर होते, त्यातले ६ गेले. म्हणजे साधारण चाळिसात एक.

आता इथे थांबा, कारण खरी तोलण्याची गोष्ट इथेच आहे. चाळिसात एक हा धोका काही लहान नाही. आज अशी लस कुणी आणली तर आपण तिला दारातही उभी करणार नाही. पण दुसऱ्या पारड्यात सातात एक होता. शिवाय बारकाईनं बघितलं तर दुसरं पारडं सातात एकापेक्षा थोडं हलकं होतं, कारण सातात एक हा धोका देवी आलेल्यांचा. देवी गावात सगळ्यांनाच आल्या नाहीत. सगळं गाव धरलं तर तेरात एक माणूस गेला. म्हणजे आजाराचं पारडं तोलताना दोन प्रश्न विचारावे लागतात: आजार झाला तर काय होईल, आणि आजार मला होण्याची शक्यता किती. टोचण्याला मात्र शक्यता नाही, सुई टोचली की टोचली. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे २०२१ ला तो कामाला येणार आहे.

बोस्टनच्या या भांडणात एक पंधरा वर्षांचा पोरगा छापखान्यात काम करत होता, बेंजामिन फ्रँकलिन. त्याच्या भावाचं वर्तमानपत्र टोचण्याच्या विरोधात होतं. हाच पोरगा पुढे अमेरिकेचा थोर पुढारी आणि शास्त्रज्ञ झाला, आणि मोठेपणी टोचण्याच्या बाजूचा झाला. त्याला फ्रान्सिस नावाचा मुलगा होता. त्याला टोचायचं ठरलेलं होतं, पण पोराला जुलाब लागले होते, म्हणून बरं होईपर्यंत थांबू असं ठरलं. त्या मधल्या काळात, १७३६ साली, देवी आल्या आणि चार वर्षांचं पोर गेलं. फ्रँकलिननं म्हातारपणी आत्मचरित्रात लिहून ठेवलं, की टोचलं नाही याचं दुःख अजून गेलेलं नाही. आणि हे आपण का लिहितो तेही त्यानं सांगितलं. पुष्कळ आईबापांना वाटतं, की टोचल्यानं पोर गेलं तर आपण स्वतःला कधीच माफ करणार नाही. त्यांना त्याचं सांगणं असं, की न टोचल्यानं गेलं तरी जन्माचा चटका तितकाच असतो. मग दोन्हीकडे चटका सारखाच असेल, तर ज्या वाटेनं धोका कमी ती वाट धरावी.

मला ही गोष्ट सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते. बाजारात वाण्याकडे तराजूची दोन्ही पारडी रिकामी असतानाही एक खाली झुकलेलं असतं. त्याला आपण पासंग म्हणतो. आपल्या मनाच्या तराजूलाही असा पासंग आहे. जे आपल्या हातानं घडतं त्याचं वजन जास्त वाटतं, आणि जे आपोआप घडतं ते नशिबाच्या खात्यावर जातं. सुनेनं सासूला लस द्यायला नेलं आणि सासूला ताप आला, तर सगळी भावकी सुनेकडे बघते. नेलं नाही आणि सासू करोनानं गेली, तर “वेळ आली होती” म्हणतात. बायांच्या वाट्याला हा पासंग पुरुषांपेक्षा जड येतो, असं माझं मत आहे. घरात दवापाण्याचा निर्णय बाईचा नसतो, पण बोल तिच्यावर असतो.

देवीची पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. १७९६ ला इंग्लंडमध्ये जेन्नरनं माणसाच्या देवीऐवजी गाईच्या देवीचा पू वापरला. तो कितीतरी सौम्य होता, धोका एकदम उतरला. ही लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी लस. तिच्या हातावर आलेल्या फोडातून ती पुढच्या मुलांना दिली गेली आणि तिथून देशभर पसरली. त्या चिमुरडीला कुणी विचारलं नसणार, पण तिच्या दंडाचे उपकार आपल्या सगळ्यांवर आहेत. पुढे गावोगाव ‘देवी डॉक्टर’ फिरू लागले. ते आले की आया पोरांना कणगीमागे लपवत, हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं असतंच.

आता आपल्या घरची गोष्ट, प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. बघता बघता मुंबई रिकामी झाली, प्लेग पुण्यात आला. सरकारनं १८९७ ला साथरोगाचा कायदा केला, तोच कायदा करोनातही वापरला गेला. पुण्यात घराघरात गोरे सोल्जर घुसले, बायकांना चव्हाट्यावर उभं करून काखेत-जांघेत गाठी तपासल्या. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळात बायकांचे कसे हाल होतात, ते वर्तमानपत्रात लिहिलं. चाफेकर बंधूंनी रँडला मारलं, ते आपण शाळेत शिकलो.

याच वेळी मुंबईत वाल्देमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत, एक कारकून आणि तीन शिपाई हाताशी घेऊन प्लेगची लस बनवत होता. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड सुजला, दुखला, बरा झाला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे हाफकिननं कैद्यांना विचारलं, कोण घेतं? निम्म्याच्या आसपास कैद्यांनी हात वर केला. पुढच्या काही दिवसांत, ज्यांनी घेतली नाही त्यांच्यातले १२ आजारी पडले, ६ मेले. ज्यांनी घेतली त्यांच्यातले २ आजारी पडले, मेला कुणी नाही. अंगात आजार आधीच मुरलेला होता आणि टोचल्याच्याच दिवशी लागण दिसली, असे काही जण गेले; त्यांना या हिशोबात धरलेलं नाही.

इथे मला एक तारीख सांगायची आहे. हाफकिननं स्वतःला टोचून घेतलं त्याला बरोबर दोन महिने झाले त्या दिवशी, १० मार्च १८९७ ला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्यानं गावाबाहेर दवाखाना काढला होता. मुंढव्याहून एका आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर टाकून तिथे आणलं. पोरगं वाचलं, बाई गेल्या. लस तेव्हा अवघी दोन महिन्यांची होती. तीच लस पुढे लाखो लोकांना दिली गेली. ती प्लेग हटवणारी रामबाण नव्हती, तिनं दोन दिवस ताप यायचा, हात उचलत नसे, पण घेतलेल्यांत मरणं खूप कमी व्हायची. प्लेगनं या देशात पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एक कोटीहून जास्त माणसं नेली.

आणि तरीही लोक घेत नव्हते. का घ्यावी? ज्या सरकारचे सोल्जर घरात घुसले, तेच सरकार सुई घेऊन आलेलं. आगाखान यांनी लोकांसमोर दंड पुढे केला, तेव्हा त्यांच्या माणसांनी घेतली. लोक औषध बघत नाहीत, ते देणाराचा हात बघतात. आपल्याकडे आशाताईनं आधी स्वतः घेतली तेव्हाच रांग लागली ना?

पण एक गोष्ट झाकून ठेवायची नाही, म्हणून मुलकोवालचं सांगते. हे गाव पंजाबात होतं, आता ते पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना प्लेगची लस दिली. त्यातल्या १९ जणांना एकाच बाटलीतून दिली होती. आठवड्याभरात त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९च्या १९ गेले. बाकी ८८ जणांना काही झालं नाही. म्हणजे लसीत दोष नव्हता, त्या एका बाटलीत होता. चौकशी समितीनं ठपका हाफकिनच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेवर ठेवला, त्याला कामावरून दूर केलं. पुढे कागद बाहेर आले तेव्हा दिसलं, की त्या दिवशी बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट न उकळता तसाच बुचाला लावला होता. शिवाय बाटलीत आधीपासून धनुर्वाताचे जंतू वाढलेले असते तर उघडताच दुर्गंधी आली असती, ती आली नव्हती. १९०७ ला मलेरियावाल्या रोनाल्ड रॉसनं आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिलं, तेव्हा कुठे हाफकिनवरचा डाग गेला. १९२५ ला परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिनचंच नाव दिलं, ते अजून आहे.

पण पाच वर्षं गेली ना. एका मातीत पडलेल्या चिमट्यापायी लसीवरचा विश्वास उडाला, आणि त्याच वर्षांत पंजाबात प्लेगनं माणसं पटापट जात होती. लसीच्या पारड्यात नुसतं औषधाचं वजन नसतं. सुई उकळली का, शीतपेटी थंड होती का, चुकलं तर सांगतात का झाकतात, हेही त्यात असतं.

आता करोना. १६ जानेवारी २०२१ ला आपल्याकडे लसीकरण सुरू झालं. मार्चमध्ये म्हाताऱ्यांचा नंबर लागला, १ एप्रिलपासून ४५च्या वरचे, १ मेपासून १८च्या वरचे. त्याच वेळी युरोपातून बातम्या येऊ लागल्या, की अॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर काही थोड्या माणसांना, चार दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंतच्या काळात, रक्तात गुठळ्या होतात आणि रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. ब्रिटनमध्ये पुढे जो हिशोब झाला तो असा: पहिल्या डोसानंतर दहा लाखांत १५ च्या आसपास लोकांना हे झालं, आणि त्यातल्या साधारण पाच-सहांमधला एक गेला. आपल्या सरकारी समितीनं मे २०२१ मध्ये सांगितलं, की दहा लाख डोसांमागे ०.६१ असं प्रमाण आहे. आपला आकडा मला थोडा कमीच वाटतो. वाडीवस्तीवर कुणाला चौथ्या आठवड्यात डोकं दुखून काही झालं, तर ते लसीच्या रजिस्टरला लागेल याची काय खात्री? पण वीसपट वाढवला तरी तो दहा लाखांत बारा होतो.

त्याच समितीनं जूनमध्ये एक मृत्यू लसीमुळे झाला असं मान्य केलं: ६८ वर्षांचे एक गृहस्थ, मार्चमध्ये लस घेतल्यावर तीव्र अॅलर्जीनं गेले. केंद्रावर लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवत, ते याचसाठी. अशी अॅलर्जी बहुधा त्या अर्ध्या तासातच येते आणि जवळ इंजेक्शन असलं तर आवरते. आपल्यातल्या कित्येक जणी “म्हशीचं दूध काढायचंय” म्हणत पाचव्या मिनिटाला उठत होत्या.

ब्रिटनमध्ये केंब्रिजच्या लोकांनी तेव्हा एक तक्ता काढला होता, तो मला फार उपयोगाचा वाटतो. त्यांनी विचारलं: एक लाख माणसांना ही लस दिली, तर पुढच्या सोळा आठवड्यांत किती जण करोनानं आयसीयूत जायचे वाचतील, आणि किती जणांना लसीनं गंभीर इजा होईल? साठीच्या पुढच्यांत, गावात साथ अगदी कमी असतानाही, १४ जण वाचत होते आणि इजा ०.२, म्हणजे पाच लाखांत एक. पण विशीतल्या पोरांत, साथ कमी असताना, वाचत होते ०.८ आणि इजा होत होती १.१. बघा, काटा उलटा झुकला! म्हणून ब्रिटननं ७ एप्रिल २०२१ ला तिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्या, असं सांगितलं. डेन्मार्कमध्ये साथ आटोक्यात होती, दुसऱ्या लसी हाताशी होत्या. त्यांनी ही लस पूर्ण थांबवली. आणि तोच तक्ता साथ जोरात असताना काय सांगतो? विशीतल्यांत वाचणारे ६.९, इजा तेवढीच, १.१. काटा पुन्हा सरळ.

म्हणजे लस तीच, माणूसही तोच. गावात आजार किती आहे यावर पारडं फिरतं. बोस्टनचं ‘तेरात एक’ आठवलं ना?

आता २०२१ चा एप्रिल-मे आठवा. ७ मे ला देशात एका दिवसात ४ लाख १४ हजार रोगी नोंदले गेले. तालुक्याला बेड नाही, जिल्ह्याला ऑक्सिजन नाही, रेमडेसिविरसाठी पोरं रात्ररात्र रांगेत. करोनात माणूस जाण्याचा धोका वयानं चढत जातो, दर सहा-सात वर्षांनी साधारण दुपटीनं. वर साखर, बीपी, लठ्ठपणा. दुसरी लस निवडायला आपल्याकडे फारशी मुभाही नव्हती, कोव्हॅक्सिन होती पण थोडी. अशा वेळी पन्नाशीच्या, साखर असलेल्या मावशींना मी जीपमध्ये बसवलं. त्यांच्या पारड्यात काय होतं ते आता तुम्हीच बघा. मावशींना मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग हे तेव्हाच का नाही कुणी असं मांडलं? ‘लस सुरक्षित आहे’ एवढंच लाउडस्पीकरवर ओरडत होते.” त्यांचं म्हणणं मला पटतं. शंभर टक्के सुरक्षित म्हटलं की एक जरी वाईट बातमी आली तरी शंभर टक्के खोटं वाटतं. बाईला हिशोब कळत नाही असं कोण म्हणतं? दरमहा अंतर्गत कर्जाचं व्याज तोंडी काढतो आपण.

बायांची आणखी दोन वजनं होती, ती सरकारी पोस्टरवर कधी आली नाहीत. एक, मजुरी. डोस घेतला की दोन दिवस ताप. ऊसतोडीवर किंवा कापूस वेचणीत दोन दिवस बुडाले तर पैसे कोण देणार? हा भित्रेपणा नाही, हा हिशोब आहे. आमच्याकडच्या एका गटानं यावर तोड काढली: अर्ध्या जणी या आठवड्यात, अर्ध्या पुढच्या, आणि ज्या घरी पडतील त्यांचं पाणी-सरपण बाकीच्या बघतील. तो गट पूर्ण झाला.

दुसरं, पाळी आणि मूलबाळ. “लसीनं पाळी बिघडते” म्हटलं की डॉक्टर हसायचे. पण ते अगदीच खोटं नव्हतं. पुढे अनेक देशांतल्या जवळपास वीस हजार बायांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की लसीनंतरची पाळी सरासरी एका दिवसाच्या आत लांबते आणि नंतर मूळ गतीवर येते. वांझपण येतं, याला मात्र काही आधार मिळाला नाही. गरोदर बायांना तर २ जुलै २०२१ पर्यंत लस घ्यायची परवानगीच नव्हती. धोका नको म्हणून त्यांना वगळलं, असं सांगायचे. पण त्यांना करोना झाला तर आयसीयूत जायचा आणि दिवस भरण्याआधी बाळंत व्हायचा धोका इतर बायांपेक्षा जास्त होता. म्हणजे दुसरी लाट ओसरेपर्यंत त्यांच्या तराजूला एकच पारडं ठेवलं होतं. हा तोच जुना पासंग, फक्त या वेळी सरकारी.

तराजू कायमचा एकाच बाजूला झुकत नाही, हेही देवीकडूनच शिकायला मिळतं. देवीच्या लसीनंही पहिल्यांदा घेणाऱ्या दहा लाखांत एक-दोन जण जायचे. देवी असताना ते कुणी मोजलं नाही. आपल्या देशातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मधला, आणि १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. आजाराचं पारडं रिकामं झालं, तेव्हा ती लस बंद केली. म्हणून आईच्या दंडावर देवीचा वण आहे आणि माझ्या नाही. करोनाचंही आता तसंच काहीसं आहे. बहुतेकांना आजार होऊन गेला, लस होऊन गेली, विषाणू पहिल्यासारखा मारक राहिला नाही. तरण्याताठ्या बाईला आज पुन्हा डोस घे म्हणून मी आग्रह करणार नाही. घरात कुणी सत्तरीचं, डायलिसिसवर किंवा कॅन्सरचं औषध घेणारं असेल, तर त्याचा हिशोब वेगळा, तो डॉक्टरांना विचारूनच करायचा.

आणि ज्यांनी २०२१ ला घेतली त्यांना आज गुठळीची भीती? ती गुठळी व्हायची तर पहिल्या सहा आठवड्यांत व्हायची. ते कधीच उलटून गेले. व्हॉट्सअॅपवर तरण्या पोरांच्या हार्ट अटॅकचे व्हिडिओ येतात, तेही लसीच्या नावावर. याचा तपास आयसीएमआरनं देशातल्या ४७ दवाखान्यांत केला आणि २०२३ मध्ये छापला. १८ ते ४५ वयाचे, वरून धडधाकट, अचानक गेलेले ७२९ जण घेतले, आणि त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच भागातले २,९१६ जिवंत लोक तुलनेला घेतले. लस घेतल्यानं असं मरण वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत ते कमीच होतं. जास्त दिसलं ते कुणात? करोनानं दवाखान्यात भरती झालेल्यांत, घराण्यात आधी असं कुणी गेलेल्यांत, आदल्या दोन दिवसांत एकदम भरपूर दारू प्यायलेल्यांत किंवा नशा केलेल्यांत, आणि अचानक जबर कष्टाचा व्यायाम केलेल्यांत.

यातला दारूचा मुद्दा आपल्या गटांना काही नवा नाही. त्यावर काही गावांत बायांनी आडवी बाटली कशी केली, ते पुढच्या भागात बोलू. तोवर तुमचे प्रश्न गटाच्या सचिवाकडे चिठ्ठीवर लिहून द्या, नाव नाही घातलं तरी चालेल.